अंगुलिमुद्रा, शासकीय नोंद आणि नोकरी

जुनी खरेदीखते, कर्जरोखे किंवा गावच्या सोसायटीची दप्तरे चाळली तर पानाच्या तळाशी एक ओळ वारंवार आढळते : ‘निशाणी डावा अंगठा’. ज्यास अक्षरओळख नव्हती, त्याची ही सही. या निशाणीवरूनच ‘अंगठाबहाद्दर’ हा हिणवणारा शब्द आपल्या भाषेत रूढ झाला. आज मात्र पदवीधर उमेदवार, शाळेतील शिक्षक, कार्यालयातील अधिकारी आणि निवृत्तिवेतनधारक वृद्ध हे सर्वच कोणत्या ना कोणत्या यंत्रावर बोट टेकवीत असतात. एके काळी निरक्षरतेची खूण मानला गेलेला अंगठा आता साक्षरांच्याही ओळखीचा पुरावा झाला आहे.

बोटाच्या ठशाचा वापर वाढला, तसे त्याविषयीचे गैरसमजही वाढले. ‘माझे ठसे घेतले, म्हणजे माझी नोंद गुन्हेगारांत झाली काय?’, ‘लहानपणी एकदा पोलीस ठाण्यात नाव गेले, आता नोकरी मिळणारच नाही काय?’, ‘आधारसाठी दिलेले ठसे पोलीस पाहू शकतात काय?’ असे प्रश्न खेड्यापाड्यांतील तरुण शिक्षकांना आणि पंचायतीच्या कार्यालयांत विचारीत असतात. या सर्व प्रश्नांच्या मुळाशी दोन निराळे प्रश्न आहेत. पहिला, ‘हा मनुष्य कोण?’ आणि दुसरा, ‘हा मनुष्य या कामास योग्य आहे काय?’ अंगुलिमुद्रा पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही. हा भेद ज्या ठिकाणी विसरला जातो, त्या ठिकाणी अन्याय घडतो. म्हणून या शास्त्राचा इतिहास, त्यामागील कायदा आणि नोकरीपूर्व पडताळणीची रीत यांची ओळख करून देण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

एका कंत्राटावरील पंजा

अंगुलिमुद्रेच्या शासकीय वापराचा आरंभ आपल्याच देशात झाला, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल हे इंग्रज अधिकारी नेमणुकीस होते. रस्त्यासाठी खडी पुरविण्याचा एक करार त्यांनी १८५८ साली राज्यधर कोनाई नावाच्या स्थानिक कंत्राटदाराशी केला. कोनाई निरक्षर नव्हता. करारनामा त्याच्याच हस्ताक्षरात होता. तरीही पुढे ‘ही सही माझी नव्हे’ असे म्हणण्याचा विचारदेखील त्याच्या मनात येऊ नये, म्हणून हर्शेल यांनी त्याच्या तळहाताला शाई लावून कागदाच्या पाठीवर पंजा उमटवून घेतला. त्या दिवशी तो केवळ धाक बसविण्याचा उपाय होता. परंतु त्यातून हर्शेल यांचे कुतूहल जागे झाले. त्यांनी स्वतःचे आणि परिचितांचे ठसे वर्षानुवर्षे घेऊन ठेवले आणि मनुष्याचे वय वाढले तरी बोटांवरील रेषांची रचना बदलत नाही, हे पडताळून पाहिले.

१८७७ साली हर्शेल हुगळी येथे दंडाधिकारी असताना त्यांनी हा प्रयोग प्रत्यक्ष कारभारात आणला. निवृत्तिवेतनधारक मृत्यू पावल्यावर दुसऱ्याच कोणी त्याच्या नावाने पैसे उचलीत राहावे, दस्त नोंदविणाऱ्याने पुढे तो दस्तच नाकारावा, तुरुंगात शिक्षा भोगण्यासाठी भलत्याच इसमास उभे करावे, असे प्रकार तेव्हा होत असत. त्यांना आळा घालण्यासाठी निवृत्तिवेतन, दस्तनोंदणी आणि तुरुंग या तीन खात्यांत त्यांनी बोटांचे ठसे घेण्यास प्रारंभ केला. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ठशांचा हा पहिला शासकीय उपयोग केवळ गुन्हेगारांपुरता नव्हता. हक्काचा पैसा हक्काच्याच माणसाच्या हाती पडावा, हाही त्याचा तितकाच महत्त्वाचा हेतू होता.

शंख, चक्र आणि कमान

बोटांच्या टोकांवरील बारीक उंचवटे मूल आईच्या पोटात असतानाच तयार होतात. गर्भाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ते घडू लागतात आणि सहाव्या महिन्याच्या सुमारास त्यांची रचना पक्की होते. वाढत्या गर्भावर पडणाऱ्या सूक्ष्म दाबांचा परिणाम या रचनेवर होत असल्यामुळे एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या भावंडांचे ठसेही भिन्न असतात. त्वचा वरवर भाजली किंवा सोलली गेली तर त्याच रेषा पुन्हा उगवतात; जखम खोल असेल तरच कायमचा व्रण राहतो.

आपल्याकडील जुनी माणसे बाळाची बोटे पाहून ‘किती शंख, किती चक्रे’ असे मोजीत असत. शास्त्रातील विभागणीही याहून फारशी निराळी नाही. रेषा एका बाजूने येऊन वळसा घेऊन त्याच बाजूस परतल्या तर तो शंखाचा प्रकार. मध्याभोवती गोल फिरल्या तर चक्र. आणि एका कडेने शिरून मध्ये किंचित उंचावून दुसऱ्या कडेने निघून गेल्या तर कमान. माणसांमध्ये शंख सर्वांत अधिक, त्याखालोखाल चक्रे आणि कमानी फार थोड्या आढळतात. मात्र ओळख पटविण्यासाठी केवळ प्रकार उपयोगी पडत नाही. एखादी रेषा कोठे संपते, कोठे दुभंगते, कोठे दोन रेषा मिळतात, अशा बारीक खुणा आणि त्यांच्या परस्परांतील जागा ताडून पाहाव्या लागतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८९२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या खुणांचे पद्धतशीर विवेचन केले.

तथापि खरी अडचण निराळीच होती. हजारो पत्रिका साठल्या म्हणजे त्यांतून हवी ती पत्रिका शोधायची कशी? हे कोडे कलकत्त्यात सुटले. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन भारतीय अधिकारी काम करीत होते. त्यांच्या परिश्रमांतून जी वर्गीकरणपद्धती सिद्ध झाली, ती पुढे हेन्री यांच्या नावाने जगभर गेली. गणिती मांडणीत हक यांचा वाटा मोठा होता, हे नंतर मान्य झाले.

ही पद्धती शाळेतील विद्यार्थ्यासही समजेल इतकी सुबोध आहे. दहा बोटांच्या पाच जोड्या करावयाच्या. उजव्या अंगठ्यापासून आरंभ करून उजव्या करंगळीपर्यंत, आणि मग डाव्या अंगठ्यापासून डाव्या करंगळीपर्यंत क्रमाने जावयाचे. पहिल्या जोडीची किंमत १६, दुसरीची ८, तिसरीची ४, चौथीची २ आणि पाचवीची १. ज्या बोटावर चक्र असेल, त्याच बोटाची किंमत धरावयाची. अन्य प्रकार असल्यास शून्य. प्रत्येक जोडीतील दुसऱ्या बोटांची बेरीज अंशस्थानी आणि पहिल्या बोटांची बेरीज छेदस्थानी मांडून दोन्हींत एक-एक मिळवावयाचा. समजा, एखाद्याच्या केवळ उजव्या अंगठ्यावर आणि उजव्या अनामिकेवर चक्र आहे. अंगठा हे पहिल्या जोडीतील पहिले बोट, म्हणून छेदात १६. अनामिका हे दुसऱ्या जोडीतील दुसरे बोट, म्हणून अंशात ८. एक-एक मिळविल्यावर उत्तर येते नऊ छेद सतरा. अशा रीतीने अंशाच्या ३२ आणि छेदाच्या ३२ शक्यता मिळून १,०२४ वर्ग होतात. कपाटाचे तितके खण केले, की नव्या पत्रिकेचा शोध त्या एका खणापुरता मर्यादित होतो. या पद्धतीस १८९७ साली शासनाची मान्यता मिळाली आणि कलकत्ता येथे अंगुलिमुद्रा कार्यालय स्थापन झाले. लंडनच्या स्कॉटलंड यार्डमध्ये असे कार्यालय निघाले ते १९०१ साली.

जलपाईगुडीचा खटला

कलकत्त्यातील हे कार्यालय सुरू होऊन काही महिने झाले असतील नसतील, तोच १८९७ च्या ऑगस्टमध्ये जलपाईगुडी जिल्ह्यातील चहाच्या एका मळ्याचा व्यवस्थापक आपल्या अंथरुणात मृतावस्थेत आढळला. तिजोरीतील रोकड गेली होती. संशय अनेकांवर होता. मळ्यातील मजूर त्याच्यावर नाराज होते. स्वयंपाक्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते. जवळपास फिरस्त्या काबुल्यांची टोळी उतरली होती. आणि पूर्वी चोरी केल्याबद्दल ज्यास त्याने तुरुंगात पाठविले होते, असा एक जुना नोकरही होता. खोलीत बंगाली पंचांगाची एक प्रत सापडली आणि तिच्या निळ्या वेष्टणावर दोन तपकिरी डाग दिसले. त्यांपैकी एक डाग बोटाचा निघाला. कलकत्त्याच्या दप्तरातील पत्रिकांशी तो ताडून पाहिला असता त्या जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळला.

सर्वसाधारण समजूत अशी, की ठसा जुळला म्हणजे खटला संपला. न्यायालयाने मात्र तसे मानले नाही. १८९८ साली निकाल झाला, तेव्हा चोरीचा आरोप सिद्ध मानून शिक्षा देण्यात आली. परंतु खून त्यानेच केला असे ठशावरून सिद्ध होत नाही, म्हणून खुनाच्या आरोपातून त्यास मुक्त करण्यात आले. त्या हाताने पंचांगास स्पर्श केला, इतकेच ठशाने सांगितले. त्यापलीकडचे काही सांगितले नाही. याच ठशामुळे मजूर, स्वयंपाकी आणि काबुली यांच्यावरील संशयाचे ओझेही हलके झाले. दोषी माणसापर्यंत पोहोचविणे आणि निर्दोष माणसास वाचविणे ही दोन्ही कामे एकाच पुराव्याने केली, आणि त्या पुराव्याची मर्यादाही न्यायालयाने त्याच वेळी आखून दिली.

साधन कोणाच्या हाती?

तथापि ज्या साधनाने निर्दोष माणूस वाचतो, त्याच साधनाने समाजातील एखाद्या गटावर कायमचा शिक्काही मारता येतो. ब्रिटिश अमदानीत १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा झाला. त्याखाली विशिष्ट जमातींत जन्मास येणे हेच संशयाचे कारण ठरले. १९११ च्या कायद्याने अशा जमातींतील नोंदणीकृत व्यक्तींचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार अधिकाऱ्यांस दिला. ज्याने कोणताही अपराध केला नाही, त्याचेही ठसे गुन्हेगारांच्या दप्तरात जाऊन बसले. सोलापूरसारख्या ठिकाणी या लोकांना तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतींत राहावे लागे. मुंबई प्रांताने १९४९ साली हा कायदा रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर संपुष्टात आला. कायदा गेला, तरी या विमुक्त समाजांकडे पाहण्याची दृष्टी पूर्णपणे निवळण्यास पुष्कळ काळ लागत आहे. चारित्र्य पडताळणीचे कागद हाताळणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हा इतिहास लक्षात ठेवावयास हवा. आडनाव, जात किंवा वस्ती ही चारित्र्याची नोंद नव्हे.

कैद्यांच्या ओळखीसंबंधीचा १९२० चा कायदा शतकभर अमलात होता. त्याच्या जागी फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा, २०२२ आला आणि ४ ऑगस्ट २०२२ पासून लागू झाला. या कायद्याने बोटांच्या ठशांबरोबरच तळहात व पाऊल यांचे ठसे, छायाचित्रे, डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा इत्यादी घेण्याची तरतूद केली आहे. शिक्षा झालेल्या, तसेच कोणत्याही अपराधासंबंधात अटक झालेल्या व्यक्तीचे मोजमाप घेता येते. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख केंद्राकडे ही नोंद ७५ वर्षे जपली जाते. परंतु या कायद्यातील एक तरतूद सामान्य नागरिकाने मुद्दाम जाणून घ्यावी. ज्यास पूर्वी कधी शिक्षा झालेली नाही अशी व्यक्ती खटल्याविना सुटली, अथवा न्यायालयाने तिला आरोपातून वगळले, अथवा सर्व अपिले संपून ती निर्दोष ठरली, तर तिची नोंद नष्ट करावयाची असते. ती ठेवणे आवश्यक वाटल्यास दंडाधिकाऱ्याने वा न्यायालयाने तशी लेखी कारणे द्यावी लागतात. म्हणून अशा प्रकरणातून सुटलेल्याने निकालाची प्रमाणित प्रत काढून जपून ठेवावी आणि आपल्या नोंदीविषयी लेखी विचारणा करावी.

ठसे देण्यास भाग पाडणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडणे होय काय, हा प्रश्नही पूर्वी न्यायालयापुढे आला होता. ‘मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने १९६१ साली निर्णय दिला, की बोटाचा ठसा देणे म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २० (३) च्या अर्थाने स्वतःविरुद्ध साक्षीदार होणे नव्हे. ठसा ही मनुष्याच्या मनातील माहिती नसून त्याच्या देहावरील न बदलणारी खूण आहे, हे या निर्णयाचे सार.

आधारचे ठसे आणि गोव्यातील प्रकरण

पोलिसांकडील ठसे आणि आधारसाठी दिलेले ठसे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या गावी देण्यात आला. त्यानंतर थोड्याच वर्षांत गोव्यातील एका गंभीर गुन्ह्याच्या तपासात केंद्रीय अन्वेषण विभागाने घटनास्थळी सापडलेले ठसे आधारच्या संग्रहाशी ताडून पाहण्याची मागणी केली. हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २४ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की आधारधारकाच्या लेखी संमतीविना त्याची जैविक माहिती प्राधिकरणाने कोणत्याही अन्य संस्थेस देऊ नये.

गुन्हा गंभीर होता आणि अपराधी सापडावा अशी सर्वांचीच इच्छा होती. तरीही एका अपराध्याच्या शोधासाठी साऱ्या राज्यातील निरपराध नागरिकांना संशयितांच्या रांगेत उभे करावे काय, हा प्रश्न तितकाच गंभीर होता. पुढे २०१६ च्या आधार कायद्याने हे तत्त्व अधिक स्पष्ट केले. ठसे व बुबुळांची प्रतिमा ही माहिती आधार क्रमांक देणे व ओळख पटविणे याखेरीज अन्य कारणासाठी वापरता येत नाही. राष्ट्रीय सुरक्षेपुरता एक अपवाद कायद्यात आहे आणि त्यासाठी वरिष्ठ पातळीवरील आदेश व त्याचे परीक्षण आवश्यक आहे. पोलिसांची आपली स्वतंत्र व्यवस्था आहे. २०२२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वयंचलित अंगुलिमुद्रा ओळख प्रणालीत राज्याराज्यांतील ठशांची नोंद एकत्र होते आणि एका राज्यात उमटलेला ठसा दुसऱ्या राज्यातील नोंदीशी ताडता येतो. रेशनसाठी अंगठा लावणाऱ्या गृहिणीचा या प्रणालीशी संबंध नाही.

नियुक्तीपूर्वीची पडताळणी

आता नोकरीच्या प्रश्नाकडे वळू. शासकीय सेवेत निवड झालेल्या उमेदवाराकडून साक्षांकन नमुना भरून घेतला जातो. त्यात नाव, जन्मतारीख, मागील वास्तव्याचे पत्ते, शिक्षण यांबरोबरच ‘आपणास कधी अटक झाली होती काय, आपणाविरुद्ध खटला चालू आहे काय, शिक्षा झाली आहे काय’ असे प्रश्न असतात. हा नमुना पोलीस यंत्रणेकडे जाऊन चारित्र्य व पूर्वचारित्र्य यांचा अहवाल येतो. आपल्याकडील ही पडताळणी सामान्यतः नाव, पत्ता आणि पोलीस ठाण्यातील अभिलेख यांवर आधारलेली असते.

नावावर आधारलेल्या पडताळणीत एक उणीव असते. एकाच गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे आणि कधी कधी वडिलांचेही नाव तेच असलेले दोन तरुण असू शकतात. एकावरील नोंद दुसऱ्याच्या माथी बसली, तर अहवालातील एका ओळीने एका निरपराध घराची आशा मावळते. अशा वेळी मूळ प्रकरणातील ठशांशी उमेदवाराचे ठसे ताडून पाहणे हा संशय निवारणाचा खात्रीचा मार्ग होय. ज्या ठशाची उमेदवारास भीती वाटते, तोच येथे त्याच्या बाजूचा साक्षीदार होतो.

परंतु नोंद खरोखर त्याच उमेदवाराची असेल तर? येथे ‘हा कोण?’ हा प्रश्न संपतो आणि ‘हा योग्य आहे काय?’ हा प्रश्न सुरू होतो. ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने २०१६ साली याविषयीची तत्त्वे एकत्र मांडली. त्यांतील मुख्य तत्त्वे अशी :

१. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. अटक, खटला किंवा शिक्षा यांविषयीची विचारलेली गोष्ट दडवू नये.

२. प्रकरण क्षुल्लक असेल, उदाहरणार्थ तरुण वयात दिलेल्या घोषणा किंवा किरकोळ अपराध, आणि ते सांगितले असते तरी उमेदवार अपात्र ठरला नसता, तर नियोक्त्याने स्वविवेकाने त्याकडे दुर्लक्ष करावे.

३. शिक्षा झालेले प्रकरण क्षुल्लक नसेल, तर नियोक्ता उमेदवारी रद्द करू शकतो किंवा सेवा समाप्त करू शकतो.

४. माहिती प्रामाणिकपणे दिली तरी नियुक्ती मिळण्याचा हक्क आपोआप निर्माण होत नाही. पूर्वचारित्र्याचा विचार करण्याचा नियोक्त्याचा अधिकार कायम राहतो.

५. कर्मचारी सेवेत कायम झाला असेल, तर माहिती दडविल्याच्या कारणावरून काढून टाकण्यापूर्वी विभागीय चौकशी करावी लागते.

६. नमुन्यातील प्रश्न नेमका असावा. जी गोष्ट विचारलीच नाही, ती सांगितली नाही म्हणून ‘दडविली’ असे म्हणता येत नाही.

या तत्त्वांचा इत्यर्थ असा, की जुनी किरकोळ नोंद पुष्कळदा क्षम्य ठरते. ती दडविण्याने मात्र विश्वासास तडा जातो. गावच्या जत्रेतील बाचाबाचीवरून दाखल झालेले आणि पुढे आपसात मिटलेले प्रकरण एखादा तरुण शरमेने किंवा कोणाच्या चुकीच्या सल्ल्याने लिहीत नाही. अहवालात ते उघड होते आणि मग मूळ भांडणापेक्षा कोरी सोडलेली ती ओळच अधिक जड होते. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा असेही सांगितले, की माहिती दडविली एवढ्यावरूनच यांत्रिकपणे सेवेतून काढणे योग्य नव्हे. प्रकरणाचे स्वरूप आणि पदाची गरज पाहून निर्णय घ्यावा.

अठरा वर्षांखालील मुलांविषयी कायदा अधिक उदार आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाखाली ज्या बालकाचे प्रकरण हाताळले गेले, त्यास त्या निष्कर्षामुळे पुढील आयुष्यात कोणतीही अपात्रता येत नाही आणि विहित मुदतीनंतर अभिलेखही नष्ट करावयाचा असतो. अत्यंत गंभीर अपराधात सोळा वर्षांवरील बालकास बाल न्यायालयाने प्रौढाप्रमाणे दोषी ठरविले असेल, तेवढा अपवाद आहे.

याउलट, मुलांच्या सहवासात काम करणाऱ्यांविषयी कायदा कडक आहे आणि तो तसाच असावयास हवा. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करण्याविषयीच्या २०२० च्या नियमांनुसार शाळा, पाळणाघरे, क्रीडा प्रबोधिनी आदी संस्थांनी आपल्या प्रत्येक शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घेणे आवश्यक आहे. कर्मचारी कायम असो वा कंत्राटी, त्यास यातून सूट नाही. ‘हा आमच्या ओळखीचा आहे’ हे उत्तर पडताळणीस पर्याय होऊ शकत नाही.

दूरदेशीचे दोन धडे

अमेरिकेत केंद्रीय सरकारी नोकरांची ठशांसह पडताळणी करण्याची प्रथा जुनी आहे. अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या १९५३ च्या एका आदेशाने केंद्रीय अन्वेषण संस्थेच्या अर्थात एफबीआयच्या अंगुलिमुद्रा दप्तराशी ताडणी करणे हा या तपासणीचा भाग ठरविण्यात आला. इतका दीर्घ अनुभव असलेल्या त्या देशातील दोन घटना आपणांस सावध करणाऱ्या आहेत.

पहिली घटना २००४ सालची. स्पेनची राजधानी माद्रिद येथे ११ मार्च रोजी आगगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. सापडलेल्या एका पिशवीवरील ठसा ऑरेगॉन राज्यातील एका वकिलाचा आहे, असे एफबीआयच्या अनुभवी तज्ज्ञांनी ठामपणे सांगितले आणि त्यास अटक झाली. स्पेनच्या पोलिसांना मात्र शंका होती. अखेर त्यांनी तो ठसा एका निराळ्याच इसमाचा असल्याचे शोधून काढले. वकिलाची सुटका झाली, संस्थेने क्षमा मागितली आणि पुढे सरकारने वीस लक्ष डॉलरांची भरपाई दिली. बोटावरील रेषा खोटे बोलत नाहीत. पण त्या वाचणारा मनुष्य चुकू शकतो. यंत्र सांगते ते सारखेपण. निर्णय तज्ज्ञाने स्वतंत्रपणे आणि दुसऱ्याच्या तपासणीसह द्यावयाचा असतो.

दुसरी घटना २०१५ सालची. अमेरिकी सरकारच्या कर्मचारी व्यवस्थापन कार्यालयाच्या संगणकांतून सुमारे २ कोटी १५ लक्ष व्यक्तींची पडताळणीविषयक माहिती चोरीस गेल्याचे उघड झाले. तिच्यात सुमारे ५६ लक्ष व्यक्तींचे बोटांचे ठसेही होते. कुलूप बदलता येते, संगणकाचा परवलीचा शब्द बदलता येतो. बोट बदलता येत नाही. ज्या गोष्टीची भरपाई करता येत नाही, ती गोळा करणाऱ्यावर राखणीची जबाबदारी अनेक पटींनी अधिक असते. आपल्या कार्यालयांतील लेखनिकापासून विभागप्रमुखापर्यंत सर्वांनी हा धडा घेण्याजोगा आहे. पडताळणीचे अहवाल उघड्या टेबलावर पडून राहणे, त्यांचे छायाचित्र काढून इतरांस पाठविणे किंवा ठशांची माहिती गरजेपेक्षा अधिक काळ साठविणे हा विश्वासभंगच होय.

आपले कर्तव्य

उमेदवाराने साक्षांकन नमुन्यातील प्रत्येक प्रश्न वाचावा, न समजल्यास शिक्षकास वा कार्यालयास विचारावा आणि जे विचारले असेल त्याचे खरे उत्तर लिहावे. प्रकरणाचा निकाल लागला असल्यास निकालाची प्रत सोबत जोडावी. अहवालात चूक आढळल्यास स्वस्थ न बसता लेखी हरकत घ्यावी. शिक्षकांनी शेवटच्या वर्गातील मुलांस हा नमुना एकदा वर्गात समजावून द्यावा. परीक्षेतील उत्तराइतकेच हे उत्तरही त्यांच्या भवितव्याशी निगडित आहे. अधिकाऱ्यांनी अहवाल हा निर्णय नसून निर्णयाचे साधन आहे हे ध्यानी ठेवून प्रकरणाचे स्वरूप, उमेदवाराचे त्या वेळचे वय, लोटलेला काळ आणि पदाची जबाबदारी यांचा विचार करून आपली कारणे लिहावीत.

शेवटी पुन्हा त्या निवृत्तिवेतनधारकाकडे येऊ. हुगळीत त्याचे वेतन भलत्याच्या हाती जाऊ नये म्हणून ठसा घेतला गेला. आजही तोच हेतू आहे. २०१४ पासून जीवन प्रमाणपत्र यंत्रावर बोट ठेवून देता येते. परंतु जन्मभर कुदळ-फावडे चालविलेल्या, चुना-सिमेंट कालविलेल्या किंवा मासळी साफ केलेल्या हातांवरील रेषा झिजून जातात आणि यंत्र त्यांना ओळखत नाही. यासाठी बुबुळांची प्रतिमा, भ्रमणध्वनीवर येणारा संकेतांक आणि जीवन प्रमाणपत्रासाठी २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख असे पर्याय उपलब्ध आहेत. यंत्राने ओळखले नाही म्हणून पात्र व्यक्तीस लाभ नाकारू नये, अशा सूचनाही आहेत. अशा वेळी समोरच्या वृद्धास ‘तुमचे बोट लागत नाही, उद्या या’ असे सांगून परत पाठविणारा कर्मचारी या व्यवस्थेचा मूळ हेतूच विसरलेला असतो. ज्या कष्टांनी त्या रेषा झिजल्या, तेच कष्ट त्या माणसाची खरी ओळख आहेत. आणि ती ओळखण्यासाठी यंत्राची नव्हे, यंत्रापलीकडे बसलेल्या माणसाची गरज असते.

वर्गात व ग्रामसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. जलपाईगुडीच्या खटल्यात ठशाने काय सिद्ध केले आणि काय सिद्ध केले नाही?

२. केवळ डाव्या अंगठ्यावर आणि डाव्या करंगळीवर चक्र असलेल्या व्यक्तीचा वर्ग कोणता येईल, हे पाठात दिलेल्या रीतीने काढा.

३. निर्दोष सुटलेल्या व्यक्तीची नोंद नष्ट करण्याची तरतूद का आवश्यक आहे?

४. किरकोळ जुने प्रकरण असलेल्या उमेदवाराने साक्षांकन नमुना भरताना काय करावे, आणि का?